फाळकेंचा कोणता सिनेमा नेणार?

निर्जन बेटावर पाचच सिनेमे न्यायचे, कोणते नेणार? हा खेळ कट्ट्यावर रंगला की नाशिककरांच्या यादीत दादासाहेब फाळके हवेतच ना!

१८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या या माणसाने १९११ मध्ये मुंबईत येशूच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि सिनेमाने त्याला झपाटलंच. विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडन गाठलं, कॅमेरा आणला. आधी काय शूट केलं? कुंडीत वाढणारं वाटाण्याचं रोप! ३ मे १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. बाई मिळेना, म्हणून तारामती झाले अण्णा साळुंके. मग बिऱ्हाड नाशिकला आलं. ‘लंका दहन’ इथलाच.

पुढे बोलपट आले आणि फाळके मागे पडले. १६ फेब्रुवारी १९४४ ला ते नाशिकमध्येच गेले.

आता खरी पंचाईत. त्यांचे बहुतेक सिनेमे उरलेलेच नाहीत. ‘हरिश्चंद्र’सुद्धा तुकड्यांतच सापडतो. त्यातल्या त्यात १९१९ चा ‘कालिया मर्दन’ बराचसा वाचलाय. त्यात कृष्ण झालीये त्यांचीच चिमुकली लेक मंदाकिनी. माझ्या पिशवीत तोच. उरलेले चार तुम्ही ठरवा.