छायेचे ठिकाण शोधणारे डॉ. केल्स

वर्षानुवर्षे रेंगाळलेल्या मुरमांच्या व्रणांखाली, गालाच्या त्वचेतच, कधी कधी हाडाचे बारीक खडे तयार होतात. ‘ऑस्टिओमा क्यूटिस’ नावाचा हा विकार बहुधा निरुपद्रवी. रुग्णाला त्याचा पत्ताही नसतो. भलत्याच कारणासाठी जबड्याचे क्ष-किरण चित्र काढावे, तर दातांच्या मुळांशी मधोमध पोकळ अशी पांढरी कडी दिसतात आणि दोष जबड्यातच असल्याचा भास होतो. तेव्हा दंतवैद्य गाल व हिरडी यांच्यामध्ये छोटी फिल्म सरकवतो. तिच्यावर गाल तेवढा उमटतो. कडे तेथेही दिसले, म्हणजे ते जबड्यातले नव्हे. तोंडात फिल्म ठेवून चित्र घेण्याच्या या विद्येचा पाया घालणाऱ्यांत न्यू ऑर्लिन्सचे डॉ. चार्ल्स एडमंड केल्स अग्रणी होते.

दंतवैद्याच्याच घरी १८५६ साली जन्मलेल्या केल्स यांना विजेच्या उपकरणांचे विलक्षण वेड. १८९५च्या अखेरीस रॉन्टजेन यांना क्ष-किरण गवसले आणि पुढच्याच जुलैत केल्स यांनी अ‍ॅशव्हिल येथे जमलेल्या दंतवैद्यांपुढे त्यांचे प्रात्यक्षिक केले. फिल्म दाताला समांतर हवी, किरण तिच्यावर काटकोनात पडावेत, हा त्यांचा कटाक्ष.

त्या काळी नळीचा जोर अजमावण्यासाठी स्वतःचाच हात किरणांसमोर धरीत. केल्स यांनी तो वर्षानुवर्षे धरला. त्वचेला कर्करोग झाला. शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया होऊन आधी बोटे, मग पंजा, अखेर हातच गेला.

याच काळात अमेरिकेत एक लाट उसळली होती. संधिवातापासून हृदयविकारापर्यंत सर्व दुखण्यांचे मूळ दातांत, असे मानून क्ष-किरण चित्रावरील अंधूक छायेच्या भरवशावर धडधाकट दात सरसकट उपटले जात. १९२०च्या सुमारास केल्स यांनी त्याविरुद्ध जाहीरपणे आवाज उठवला. ज्या तंत्रापायी ते हात गमावत होते, त्याचाच हा गैरवापर होता. छाया दिसणे वेगळे, रोग ठरणे वेगळे. आणि उपटलेला दात तर परत बसत नाही. पुष्कळ समव्यावसायिकांना हे रुचले नसणार.

१९२६ साली त्यांचे आत्मवृत्त प्रसिद्ध झाले. दोनच वर्षांनी, मे १९२८ मध्ये, दीर्घ व्याधीने जर्जर झालेल्या केल्स यांनी आपल्या दवाखान्यातच जीवनयात्रा संपवली.