कोठीपासून सिद्धगडापर्यंत

माझी सारी नोकरी बँकेत झाली. तारणाशिवाय कर्ज नाही, हा आमचा पहिला धडा. म्हणूनच भाई कोतवालांचे चरित्र वाचताना मी थबकतो तो सिद्धगडावरच्या चकमकीपाशी नव्हे, तर कर्जत तालुक्यातल्या त्यांच्या धान्यकोठीपाशी.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानच्या गरीब नाभिक कुटुंबात जन्मले. पुण्यात शिकले, वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्षही झाले. तिथे सुखाने थांबता आले असते. पण पावसाळ्यात घरातला दाणा संपला की गरीब शेतकरी सावकाराच्या दारी जाई, हे त्यांना बघवेना. त्यांनी कोठी उभी केली ती तारण ठेवायला काहीच नसलेल्यांसाठी.

१९४२ साली ते भूमिगत झाले. खोपोली, भिवपुरीची वीज तेव्हा मुंबईच्या गिरण्यांना जाई. भाईंच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले. सरकारने इनाम लावले. रानोमाळ भटकंती सुरू झाली. त्या दिवसांत त्यांना आसरा दिला तो खेड्यापाड्यांतल्या गरिबांनीच. अखेर फितुरी झाली. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडावर पोलिसांच्या गोळ्यांनी भाई आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. भाई अवघे तीस वर्षांचे होते.

आपण मुलांना नेतृत्वाच्या शिबिरांना धाडतो. त्यांना एकदा सिद्धगडही दाखवावा. कोठीवर येणाऱ्यांचे अर्ज माझ्या टेबलावर आले असते, तर मी ते नियमाने परत पाठवले असते. भाईंनी ती माणसे ओळखली होती.