रेव्हरंड जस्टिन ॲबट : धर्मकार्य, छंद आणि संतवाङ्मय

संतवाङ्मयाचा अभ्यास करताना महिपतींच्या चरित्रग्रंथांशी आपला परिचय होतोच. हे ग्रंथ इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचवण्याचे मोठे कार्य ज्यांनी केले, ते वारकरी नव्हते; ख्रिस्ती धर्माच्या प्रचारासाठी अमेरिकेतून आलेले मिशनरी होते. ही विसंगती कशी समजून घ्यावी, हा प्रश्न मनात ठेवून आपण पुढील चरित्र वाचावे.

धर्मकार्य

जस्टिन एडवर्ड्‌स ॲबट यांचा जन्म १८५३ साली अमेरिकेत झाला. त्यांचे वडील आमॉस ॲबट हेही अमेरिकन मराठी मिशनचे धर्मोपदेशक होते आणि त्यांचे कार्यक्षेत्र अहमदनगर परिसरात होते. जस्टिन ॲबट १८८१ साली मुंबईत आले व १९१० पर्यंत तेथे कार्यरत राहिले. १८९५ मध्ये नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या काळात टिळकांचा ॲबट यांच्याशी निकटचा संबंध आला. धर्मप्रसार हाच ॲबट यांच्या मुंबईतील वास्तव्याचा हेतू होता, हे आपण विसरता कामा नये.

छंद आणि संशोधन

धर्मकार्यातून उरलेला वेळ ॲबट जुनी नाणी, शिलालेख आणि हस्तलिखिते यांच्या अभ्यासात घालवीत. शिवराई हे तांब्याचे नाणे त्या काळी अगदी सामान्य समजले जाई. ॲबट यांनी अशी हजारो नाणी पाहिली. एकावर शिव, तर दुसऱ्यावर सिव, असे त्यांवरील लेखनातील आणि अक्षरांच्या वळणातील भेद त्यांनी नोंदवले. या अभ्यासावरील त्यांचा लेख रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लोकांच्या हातात रोज खुळखुळणारी वस्तू इतिहासाचे साधन ठरू शकते, ही दृष्टी येथे महत्त्वाची आहे.

हस्तलिखितांच्या छंदाचे फळ १९२३ साली दिसले. फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले होते. लंडन येथील मार्सडेन संग्रहात या काव्याचे देवनागरी हस्तलिखित असल्याचे ॲबट यांनी अभ्यासकांच्या निदर्शनास आणले. ती मूळ संहिता आहे, या त्यांच्या मताची पुढे चिकित्सा झाली. तथापि या हस्तलिखितामुळे पाठचिकित्सेला नवे साधन मिळाले.

निवृत्तीनंतरचे कार्य

मायदेशी परतल्यावर ॲबट न्यू जर्सी राज्यातील समिट या गावी राहू लागले. त्यांचे सर्वांत मोठे कार्य सत्तरी ओलांडल्यानंतरचे आहे, हे आपण ध्यानात घ्यावे. महाराष्ट्रातील संतकवींवरील त्यांच्या इंग्रजी मालेचा आरंभ १९२६ मध्ये भानुदासांच्या चरित्राने झाला. त्यानंतर एकनाथ, दासोपंत, बहिणाबाई, तुकाराम आणि रामदास यांच्यावरील ग्रंथ आले. बहिणाबाईंच्या ग्रंथात त्यांनी अनुवादाबरोबर मूळ मराठी अभंगही दिले. अनुवाद करताना त्यांनी चमत्कारकथा गाळल्या नाहीत वा त्यांचा उपहासही केला नाही. महिपतींनी जे श्रद्धेने सांगितले, ते तसेच वाचकांपुढे ठेवले.

१९३२ मध्ये ॲबट यांचे निधन झाले, तेव्हा ही माला अपुरी होती. भक्तविजयाच्या अनुवादात पंडित नरहर गोडबोले त्यांचे सहकारी होते. जे. एफ. एडवर्ड्‌स यांनी संपादनाची जबाबदारी घेतली आणि उर्वरित ग्रंथ ॲबट यांच्या पश्चात प्रकाशित झाले.

समारोप

ॲबट यांनी आपला धर्म सोडला नाही आणि संतांना ख्रिस्ती ठरवण्यासाठी महिपतींच्या कथाही बदलल्या नाहीत. ते मिशनरी होते म्हणून त्यांचे वाङ्मयकार्य नाकारणे जसे एकांगी, तसेच त्या कार्याच्या गौरवात त्यांचा प्रचारहेतू विसरणेही एकांगीच. दोन्ही बाजू एकत्र पाहिल्या, तरच त्यांच्या कार्याचे मूल्यमापन न्याय्य होईल.

स्वाध्याय : दुसऱ्या धर्माच्या अभ्यासकाने केलेल्या अनुवादाचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर करावे? ॲबट यांच्या कार्याच्या आधारे आपले मत मांडा.