हात घडवणारे डॉ. सेन

१६ फेब्रुवारी १९६८ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात एका माणसाच्या छातीत दुसऱ्या माणसाचे हृदय बसवण्यात आले. दक्षिण आफ्रिकेत डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी जगातले पहिले हृदय-प्रत्यारोपण केले, त्याला तेव्हा अडीच महिनेही झाले नव्हते. तोवर जगभरात मिळून अशा पाचच शस्त्रक्रिया झाल्या होत्या. सहावी मुंबईत झाली. ती करणारे डॉ. प्रफुल्लकुमार सेन हे असे धाडस करणारे जगातले चौथे शल्यविशारद. रुग्ण मात्र काही तासांतच दगावला. त्याच वर्षी त्यांनी आणखी एक प्रयत्न केला. तोही काही तासांच्या पलीकडे टिकला नाही.

डॉ. सेन यांची ओळख बहुतेक ठिकाणी एवढ्यावरच संपते. पहिला प्रयत्न, अपयश आणि पुढे पद्मभूषण. पण त्यांचे खरे काम त्या एका दिवसाचे नव्हते. हृदयावर आणि मोठ्या रक्तवाहिन्यांवर शस्त्रक्रिया करू शकतील असे हात या देशात, आपल्याच रुग्णालयात तयार करायचे, हा त्यांचा खरा उद्योग होता. त्याची बातमी होत नाही. त्याचे फळ मात्र आजही रुग्णांना मिळते.

सेन यांचा जन्म ७ डिसेंबर १९१५ रोजी कोलकात्याचा. शिक्षणाची सुरुवात नागपुरात झाली आणि वैद्यकीय शिक्षणासाठी ते मुंबईत शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात आले. १९३८ साली ते पदवीधर झाले. या महाविद्यालयाची आणि त्याला जोडलेल्या केईएम रुग्णालयाची जन्मकथाही लक्षात ठेवण्याजोगी आहे. ब्रिटिश राजवटीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या वरच्या जागा गोऱ्या अधिकाऱ्यांकडे असत. भारतीय डॉक्टर कितीही हुशार असला तरी दुय्यम. त्याला उत्तर म्हणून १९२६ मध्ये ही संस्था उभी राहिली आणि तिथे शिकवणारे भारतीयच असतील असा आग्रह धरला गेला. आपल्या लोकांनी आपल्या लोकांना शिकवायचे, ही गोष्ट सेन यांनी विद्यार्थी असतानाच डोळ्यांनी पाहिली होती.

त्या काळी शल्यविशारद कसा तयार होई? एखाद्या मोठ्या सर्जनच्या मागे उभे राहायचे, बघायचे आणि कधीतरी संधी मिळेल याची वाट पाहायची. शिकण्याला ठरावीक पायऱ्या नव्हत्या. अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड यांनी १८८९ नंतर जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात वेगळी रीत पाडली. शिकणाऱ्या डॉक्टरने रुग्णालयातच राहायचे, रात्रंदिवस रुग्ण पाहायचे आणि तयारी वाढेल तशी त्याच्यावरची जबाबदारी वाढवायची. आज आपण ज्यांना निवासी डॉक्टर म्हणतो, त्यांची ही परंपरा. विशेष म्हणजे हॉल्स्टेड यांना स्वतःला रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेत फार रस होता. प्राण्यांवर सराव करूनच माणसाच्या धमनीला हात लावावा, हा त्यांचा दंडक होता.

१९४९ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर सेन फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेले. ती वेळ मोलाची होती. हृदय ही शल्यविशारदाने हात न लावण्याची जागा आहे, ही समजूत तेव्हा नुकतीच मोडत होती. त्याच शहरात आदल्या वर्षी चार्ल्स बेली यांनी आकसलेली मायट्रल झडप बोटाने मोकळी करण्यात यश मिळवले होते. परत आल्यावर पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला सेन यांनी हीच शस्त्रक्रिया केईएममध्ये सुरू केली. तिची गरजही मोठी होती. लहानपणी घशाच्या संसर्गानंतर येणारा सांधेदुखीचा ताप, त्यातून बिघडलेली झडप आणि ऐन विशीत लागणारी धाप, हे चित्र तेव्हाच्या चाळींत आणि खेड्यांत घरोघरी दिसे.

ही शस्त्रक्रिया शिकवणे किती अवघड, ते पाहा. हृदय धडधडत असतानाच त्याच्या डाव्या वरच्या कप्प्याला छोटे छिद्र घ्यायचे, तिथून तर्जनी आत सारायची आणि आकसलेली झडप चाचपून मोकळी करायची. सारे रक्ताखाली. डोळ्यांना काहीच दिसत नाही. दिसते ते फक्त बोटाच्या टोकाला. त्या छिद्रात एकच बोट मावते. म्हणजे शिष्याचे बोट आत असताना गुरूला काही कळत नाही आणि गुरूचे बोट आत असताना शिष्याला. जोर थोडा कमी पडला तर झडप उघडत नाही, थोडा जास्त झाला तर ती फाटते. असे कौशल्य पुस्तकातून येत नाही. ते शेजारी उभे राहून, पुन्हा पुन्हा करून आणि चुकण्याआधी थांबवणारा कोणी जवळ असला तरच येते.

रक्तवाहिनीच्या टाक्याचेही तसेच आहे. १८९४ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर लियों शहरात सुरीहल्ला झाला. पोटातली मोठी शीर कापली गेली आणि ती शिवता न आल्याने ते दगावले. त्याच शहरातला अलेक्सी कॅरेल हा तरुण डॉक्टर मग भरतकाम करणाऱ्या एका कसबी बाईकडे बारीक सुईदोऱ्याचे काम शिकला. गोल नळीच्या कडेला तीन ठिकाणी टाके घेऊन ओढले की गोलाचा त्रिकोण होतो आणि सरळ बाजू शिवणे सोपे जाते, ही त्याची युक्ती. ती त्याने १९०२ मध्ये प्रसिद्ध केली आणि १९१२ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. आजही धमनी शिवायला शिकणारा प्रत्येक डॉक्टर या कसबी बाईचा दूरचा शिष्यच म्हणायचा.

सेन यांनी हृदय, छाती आणि रक्तवाहिन्या या तिन्हींसाठी मिळून केईएममध्ये विभाग उभारला. त्याच्या जोडीला प्राण्यांवरील प्रयोगशाळा होती. तिथे कल्पनांना मोकळीक होती. साप आणि तत्सम सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाच्या स्नायूला बरेचसे रक्त आतल्या पोकळीतून थेट मिळते. मग माणसाच्या आजारी हृदयाच्या भिंतीला बारीक छिद्रे पाडून तसाच मार्ग करता येईल का, असा प्रश्न सेन यांच्या चमूने विचारला आणि त्यावरचे काम १९६५ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे अनेक वर्षांनी पाश्चात्त्य देशांत लेझरने हाच प्रयोग झाला. तो उपचार फारसा रुजला नाही. पण परळच्या प्रयोगशाळेत प्रश्न विचारायची सवय लागली होती, हे त्यातून दिसते.

त्यांचे अधिक टिकाऊ काम महाधमनीच्या आजारावरचे आहे. १९०८ मध्ये जपानचे नेत्रतज्ज्ञ ताकायासू यांनी एका तरुणीच्या डोळ्यांतल्या रक्तवाहिन्यांत विचित्र बदल पाहिले होते. धमन्यांना सूज येऊन त्या आकसत जाण्याचा हा आजार पुढे त्यांच्या नावाने ओळखला गेला. आपल्याकडे तो अनेकदा वेगळ्या रूपात भेटतो. कोवळ्या वयात रक्तदाब चढलेला, हाताची नाडी जोरकस, पायाची मात्र लागत नाही. कारण महाधमनीचा मधला भागच अरुंद झालेला असतो. सेन, विकृतिशास्त्रज्ञ डॉ. किनरे, डॉ. परुळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात यावर निबंध लिहिला. पुढे १०१ रुग्णांच्या अभ्यासावर आधारलेला ग्रंथही काढला. शस्त्रक्रियेच्या टेबलावर दिसलेले आणि शवविच्छेदनात सापडलेले एकत्र मांडायचे, ही त्यामागची शिस्त. शिकाऊ डॉक्टरच्या दृष्टीने यात मोठा धडा होता. टाका घालता येणे हे अर्धे काम. कोणाला टाका घालू नये हे कळणे उरलेले अर्धे.

आता १९६८ कडे पुन्हा पाहू. ते प्रत्यारोपण बर्नार्ड यांची बातमी वाचून घाईने केलेले नव्हते. सेन यांचा चमू त्याआधी काही वर्षे कुत्र्यांवर हृदय बदलण्याचा सराव करत होता. टाके ठाऊक होते, क्रम ठाऊक होता, कोणी कुठे उभे राहायचे तेही ठरलेले होते. कमी होते ते दुसरेच. मेंदूमृत्यूची व्याख्या हार्वर्डच्या समितीने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, म्हणजे सहा महिन्यांनी मांडली. शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून लागणारे सायक्लोस्पोरिन हे प्रभावी औषध ऐंशीच्या दशकात आले. त्या वर्षी जगभरात शंभराच्या आसपास हृदये बदलली गेली आणि बहुतेक रुग्ण लवकरच गेले. एकामागून एक रुग्णालयांनी हे काम थांबवले. भारतात कायदा झाला तो १९९४ मध्ये. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी देशातले पहिले यशस्वी हृदय-प्रत्यारोपण केले. सेन यांच्या मुंबईला त्यासाठी २०१५ पर्यंत थांबावे लागले.

सेन यांना १९६९ मध्ये पद्मभूषण मिळाले. चित्रकला आणि कविता यांचाही त्यांना नाद होता. २२ जुलै १९८२ रोजी त्यांचे निधन झाले. प्रत्यारोपणाच्या चमूत असलेल्या डॉ. परुळकरांनी पुढे विभागाची धुरा सांभाळली. तिथे शिकून गेलेल्यांनी दुसऱ्यांना शिकवले. अशा साखळीला शेवटची कडी नसते.

या साखळीशी आपला संबंध काय, असे शहाडच्या वाचकाला वाटेल. मी शल्यविशारद नाही. सरकारी रुग्णालयातला फिजिशियन आहे. मधुमेह आणि तंबाखू यांनी खराब झालेले पाय मी रोज पाहतो. शहाड, आंबिवली, टिटवाळा हा कारखान्यांचा, रेल्वेचा आणि आता मोठमोठ्या गृहसंकुलांचा पट्टा. इथे कोणाच्या पायाची मुख्य धमनी गुठळीने अचानक बंद झाली किंवा रूळ ओलांडताना तुटली, तर पाय वाचवायला साधारण सहा तास हाती असतात. त्यानंतर स्नायू मरू लागतात. परळ इथून सुमारे ५० किलोमीटर. लोकलने तासाहून जास्त, रस्त्याने किती ते वाहतूक ठरवते. निदान, जवळच्या रुग्णालयातले प्राथमिक उपचार, रुग्णवाहिका आणि तिकडची तयारी यांत सहा तास कसे सरतात, ते कळत नाही. पाय गेला तर बहुतेकदा घरातला कमावता माणूस बसतो.

असा पाय वाचवणारा डॉक्टर तयार व्हायला बारावीनंतर साडेपाच वर्षे एमबीबीएसची, तीन सर्वसाधारण शस्त्रक्रियेची आणि आणखी तीन रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेची, अशी किमान साडेअकरा वर्षे लागतात. पूर्वी हा विषय हृदयशस्त्रक्रियेचाच भाग होता; आता त्याचे स्वतंत्र शिक्षण आहे, पण जागा देशभर मोजक्याच. त्यात कामाची पद्धतही बदलली. बऱ्याच अडथळ्यांवर आज मांडीतून बारीक नळी घालून, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत फुगा किंवा स्टेंटने उपचार होतात. रुग्णाच्या दृष्टीने हे चांगलेच. मात्र त्यामुळे उघडी शस्त्रक्रिया करण्याची संधी शिकणाऱ्यांना कमी मिळते आणि तुटलेली धमनी समोर आली की लागतो तो जुनाच टाका. दोन्ही हात तयार ठेवायचे, तर शिकवणाऱ्या रुग्णालयांत रुग्ण, सामग्री आणि मुख्य म्हणजे शेजारी उभा राहणारा शिक्षक हवा. शिक्षकांची पदे रिकामी राहिली की त्याची किंमत दहा वर्षांनी दूरच्या एखाद्या स्टेशनजवळचा रुग्ण मोजतो.

तोवर आपल्या हातात काय? पायात अचानक तीव्र वेदना, पाय पांढरट आणि थंड पडणे, बधिरपणा, बोटे न हलणे ही लक्षणे दिसली तर ती नस आखडल्याची समजू नका. मालीश नको, गरम पाण्याचा शेक नको, पाय उशीवर उंच ठेवणेही नको. लक्षणे किती वाजता सुरू झाली ते लिहून ठेवा आणि थेट रुग्णालय गाठा. पायाची नाडी लागते का, असे डॉक्टरांना विचारा. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा तरी ती तपासून घ्या आणि विडी-सिगारेट आजच बंद करा. नाडी तपासायला यंत्र लागत नाही. दोन बोटे आणि अर्धे मिनिट पुरते. तुमच्या मोज्याखालच्या नाडीपासून परळच्या शस्त्रक्रियागृहापर्यंतची वाट त्या अर्ध्या मिनिटात सुरू होते.