जाड्या-रड्यांचे मिशीवाले शत्रू : जेम्स फिनलेसन



जाड्या-रड्या कोण हे तुम्हां सर्वांना ठाऊकच आहे. जाड्या म्हणजे हार्डी आणि रड्या म्हणजे लॉरेल. त्यांच्या सिनेमात एक टकलू माणूस येतो. त्याला भली मोठी मिशी असते. तो एक डोळा बारीक करून बघतो आणि सारखा चिडतो. मी पुष्कळांना त्याचं नाव विचारलं. सगळ्यांनी तो टकल्या एवढंच सांगितलं. म्हणून मी त्यांच्याविषयी लिहीत आहे. त्यांचे नाव जेम्स फिनलेसन.

फिनलेसन यांचा जन्म २७ ऑगस्ट १८८७ रोजी स्कॉटलंडमधील लार्बर्ट या गावी झाला. स्कॉटलंड हा ब्रिटनचा उत्तरेकडचा भाग आहे. तरुणपणी ते पत्र्याचे काम करीत. पत्रा कापायचा, वाकवायचा आणि ठोकायचा. पण त्यांना नाटकाचा लई नाद. १९१० साली त्यांनी एडिंबरा शहरात थिएटर रॉयलमध्ये काम केले. त्यांचे आईवडील वारले होते. १९११ साली ते भावाबरोबर अमेरिकेला गेले. तेव्हा विमानाने कोणी जात नसे, बोटीने जायचे. अमेरिकेत न्यूयॉर्कला त्यांना नाटकात काम मिळालं. मग एका स्कॉटिश नाटकाबरोबर ते गावोगाव फिरले. १९१६ साली तो दौरा मध्येच सोडून ते हॉलिवूडला गेले. सिनेमे तिथंच तयार होत.

तेव्हाचे सिनेमे मुके होते. बोलणं ऐकू येत नसे. त्यामुळे सगळं काम तोंडाने, म्हणजे चेहऱ्याने करावं लागे. यात फिनलेसन पटाईत. त्यांची एक युक्ती सांगतो. ते एखादी वस्तू बघतात. काही विशेष नाही असं समजून मान फिरवतात. मग एकदम दचकून पुन्हा बघतात, आणि एक डोळा मिटून दुसरा एवढा मोठा करतात की वाटतं आता बाहेर पडतो! तुम्ही आरशात करून बघा. मला अजून जमत नाही. दोन्ही डोळे मिटतात.

आणि गंमत म्हणजे ती मिशी खोटी होती! आपण गॅदरिंगला डिंकाने चिकटवतो तशीच. टक्कल मात्र खरं होतं.

हॅल रोच नावाचे मालक लॉरेल-हार्डीचे सिनेमे काढत. त्यांच्याकडे फिनलेसनही कामाला होते. १९२७ च्या सुमारास मालकांच्या मनात दोघांची नाही, तर तिघांची जोडी करायची होती. लॉरेल, हार्डी आणि फिनलेसन. (तिघांची असली तर जोडी म्हणत नाहीत, त्रिकूट म्हणतात.) पण लोकांना ते दोघेच एकत्र फार आवडले आणि फिनलेसन बाजूला राहिले. म्हणजे आपण जाड्या, रड्या आणि मिश्या म्हणालो असतो, ते राहून गेलं. मला याचं वाईट वाटतं. पण फिनलेसन त्यांच्याबरोबर काम करीतच राहिले. लॉरेल-हार्डीच्या ३३ सिनेमांत ते आहेत. कधी दुकानदार, कधी डॉक्टर, कधी नवरीचा बाप. बहुतेक वेळा नुकसान त्यांचंच होतं.

१९२९ साली बिग बिझनेस नावाचा सिनेमा आला. तो फक्त वीसेक मिनिटांचा आहे. त्यात जाड्या-रड्या नाताळची झाडं दारोदार विकतात. फिनलेसनला झाड नको असतं. ते दार लावतात तर झाडाची फांदी दारात अडकते. पुन्हा बेल वाजते. पुन्हा अडकते. शेवटी फिनलेसन मोठी कात्री आणून झाडच कापतात. झालं! रड्या चाकूने त्यांचं दार खरवडतो. फिनलेसन जाड्याचं घड्याळ फोडतात. मग हे दोघे घर फोडतात आणि फिनलेसन त्यांची मोटार मोडतात. खिडक्या जातात, दार जातं, पियानो अंगणात येतो. पोलीस नुसता उभा राहून वहीत लिहितो. माझं हसून पोट दुखलं. मग मी विचार केला की फिनलेसन जर शांतपणे नको म्हणून गप्प बसले असते तर सिनेमा दोन मिनिटांत संपला असता. रागावणारा माणूस नसेल तर खोड्या काढणाऱ्यांना कोण हसणार? म्हणून माझ्या मते त्या सिनेमाचे खरे नायक फिनलेसन आहेत. माझ्या मित्राला हे पटत नाही. तो रड्याच्या बाजूचा आहे.

१९३५ साली बॉनी स्कॉटलंड नावाचा सिनेमा निघाला. त्यात जाड्या-रड्या सैन्यात भरती होतात आणि त्यांना आपल्या हिंदुस्थानात पाठवतात. पण चित्रीकरण अमेरिकेतच झालं. फिनलेसन त्यात सार्जंट मेजर आहेत. कवायतीत रड्याचा पाय चुकतो आणि हळूहळू सगळ्या पलटणीचा पाय रड्यासारखा पडायला लागतो. आपल्या कवायतीच्या तासालाही असं होतं.

१९४० साली सॅप्स ॲट सी हा त्यांचा लॉरेल-हार्डीबरोबरचा शेवटचा सिनेमा आला. त्यात ते डॉक्टर आहेत. त्यानंतर त्यांना लहान लहान कामे मिळत गेली. काही सिनेमांत तर त्यांचं नावसुद्धा लिहीत नसत. ९ ऑक्टोबर १९५३ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ६६ वर्षांचे होते.

बोलपट आल्यावर फिनलेसन चिडले की डोऽऽऽ असा लांब आवाज काढत. पुढे १९८९ साली अमेरिकेत सिम्पसन्स नावाची कार्टून मालिका सुरू झाली. त्यातले टकलू बाबा होमर यांचा आवाज काढणाऱ्या नटाने फिनलेसनचाच आवाज घेतला, फक्त आखूड केला. २००१ साली तो शब्द ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशातही घेतला गेला.