पाच भावांतला उरलेला : बेनेदेत्तो कैरोली

आपल्या पाठ्यपुस्तकात इटलीचा इतिहास १८७० साली रोमपाशी येऊन थांबतो. मॅझिनी, गॅरिबाल्डी ही नावे मराठी माणसाला परकी नाहीत. मॅझिनीचे चरित्र तर सावरकरांनी १९०७ सालीच मराठीत आणले. पण एक झालेला तो देश पुढे चालवला कोणी, असा प्रश्न मला पडला आणि त्याचा मागोवा घेता घेता बेनेदेत्तो कैरोली भेटले.

त्यांचा जन्म १८२५ सालचा, पाव्हिया गावचा. वडील तेथील विद्यापीठात शस्त्रक्रियेचे प्राध्यापक होते. आई आदेलाइदे हिचे पाचही मुलगे स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरले. एर्नेस्तो १८५९ साली वारेसेजवळ कामी आला. लुइजी १८६० च्या मोहिमेत तापाने गेला. १८६७ साली रोमच्या वेशीवर, व्हिला ग्लोरी येथे, मूठभर सोबत्यांनिशी लढताना एन्रिको पडला आणि तेथेच जखमी झालेला जोव्हान्नी दोन वर्षांनी वारला. चापेकर बंधूंची कथा ऐकत वाढलेल्या आपल्याला त्या माउलीचे दुःख वेगळे सांगायला नको. मागे उरले ते एकटे थोरले बेनेदेत्तो. तेही काही घरात बसून उरले नव्हते! गॅरिबाल्डी हजार स्वयंसेवकांनिशी सिसिलीत उतरला तेव्हा सातव्या तुकडीचे नायक हेच होते, आणि त्या तुकडीत भरणा होता पाव्हियाच्या विद्यार्थ्यांचा. पालेर्मोच्या लढाईत त्यांचा पाय जायबंदी झाला.

असा माणूस मार्च १८७८ मध्ये पंतप्रधान झाला. डाव्यांच्या हाती १८७६ पासून सत्ता होती खरी. पण तो पक्ष म्हणजे अनेक पुढाऱ्यांच्या गटांची बांधलेली मोट होती. कैरोली आणि त्यांचे गृहमंत्री झानार्देल्ली यांचे धोरण मात्र स्वच्छ होते. सभा-संघटनांवर आधीच बंदी घालायची नाही. गुन्हा घडला तर कायद्याने शिक्षा करायची. परकी राजवटीत चळवळ केलेल्या माणसाला दुसरे काय सुचणार?

१७ नोव्हेंबरला नेपल्समध्ये या धोरणाची कसोटी लागली. पास्सानान्ते नावाचा एक तरुण आचारी राजा उंबेर्तो यांच्या गाडीवर सुरी घेऊन धावला. शेजारी बसलेले कैरोली मध्ये पडले आणि सुरी त्यांच्या मांडीत घुसली. राजा बचावला. दुसऱ्याच दिवशी फ्लॉरेन्समध्ये राजाच्या बाजूने निघालेल्या मिरवणुकीवर बाँब पडला. मग सगळा रोष त्या मोकळ्या धोरणावर आला. ११ डिसेंबरला सभागृहात मतदान झाले : विरुद्ध २६३, बाजूने १८९. ज्यांनी राजाचे प्राण वाचवले त्यांचेच सरकार, महिना पुरा होण्याच्या आत, राजाला सांभाळता आले नाही म्हणून पडले. मला हा सौदा अजून पटत नाही.

१८७९ च्या जुलैत ते पुन्हा पंतप्रधान झाले. ते मंत्रिमंडळ चार महिने टिकले. नोव्हेंबरात त्यांनी आपले प्रतिस्पर्धी देप्रेतिस यांच्याशी हातमिळवणी केली आणि गृहखाते त्यांच्या हवाली केले. दोघेही पाव्हियाकडचेच, पण स्वभाव दोन टोकांचे. कैरोली भावनेचे, तर देप्रेतिस मुरलेले गणिती. आपल्याकडे अशा संसाराला खिचडी सरकार म्हणतात. तरीही या खिचडीने गरिबाचे एक मोठे काम केले. १८६९ पासून गिरणीत दळलेल्या धान्यावर कर बसे. जात्याचे फेरे मोजायला यंत्रेही बसवली होती. हा कर म्हणजे भाकरीवरचाच कर. त्याविरुद्धच्या दंगलींत कित्येक शेतकरी मारले गेले होते. तो टप्प्याटप्प्याने संपवण्याचा कायदा या सरकारने १८८० साली केला. सरकार एरवी दुबळे होते, हे मान्य; पण एवढ्यासाठी तरी मी त्याला नावे ठेवणार नाही.

परराष्ट्र खाते कैरोलींनी स्वतःकडे ठेवले होते, आणि तेथेच घात झाला. ट्युनिसवर इटलीचा डोळा होता. फ्रान्सच्या शब्दावर ते विसंबले आणि १२ मे १८८१ रोजी बार्दोच्या तहाने फ्रान्सने ट्युनिस आपल्या छत्राखाली घेतले. देशभर संतापाची लाट उसळली. त्याच महिन्यात कैरोली पायउतार झाले आणि त्यांच्या जागी आले देप्रेतिस. ते १८८७ साली मरेपर्यंत त्या खुर्चीवर होते.

कैरोलींना ती खुर्ची पुन्हा मिळाली नाही. देप्रेतिस उजव्यांना कुरवाळू लागले तेव्हा झानार्देल्ली, क्रिस्पी आदींबरोबर ते विरोधात बसले. १८८९ च्या ऑगस्टमध्ये, ज्या नेपल्समध्ये त्यांनी सुरी झेलली होती तेथेच त्यांचे निधन झाले. ग्रोपेल्लो या गावी आई आणि भावांजवळ त्यांना ठेवले आहे.