संस्कृत विद्येचे वाटाडे

भाषा शिकण्याच्या वाटा अनेक असतात. कोणी पाठांतर करून शिकतो, कोणी नियम समजून घेऊन शिकतो, तर कोणी वाक्ये लिहून व भाषांतर करून शिकतो. यांपैकी आपलीच वाट खरी आणि बाकीच्या चुकीच्या, असा हट्ट धरणारे लोक पूर्वीही पुष्कळ होते. असा हट्ट न धरता, प्रत्येक वाटेवर जे चांगले दिसेल ते वेचून घेणारे एक थोर विद्यागुरू महाराष्ट्रात होऊन गेले. त्यांचे नाव डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर.

रामकृष्णपंतांचा जन्म कोकणात मालवण येथे ६ जुलै १८३७ रोजी झाला. त्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव पत्की असे होते. परंतु पूर्वजांकडे सरकारी भांडाराचे, म्हणजे खजिन्याचे काम असल्यामुळे त्यांना भांडारकर म्हणू लागले. वडील महसूल खात्यात कारकून होते. त्यांची बदली रत्नागिरीस झाल्यावर रामकृष्णपंतांना तेथील इंग्रजी शाळेत शिकावयास मिळाले. पुढील शिक्षणासाठी ते १८५३ मध्ये मुंबईस गेले आणि एल्फिन्स्टन महाविद्यालयात दाखल झाले. तेथे दादाभाई नौरोजी यांच्यासारखे गुरू त्यांना लाभले.

संस्कृतचे एवढे मोठे पंडित लहानपणापासूनच संस्कृत शिकले असतील, असे आपल्याला वाटते. पण तसे नव्हते. त्यांचे शालेय शिक्षण इंग्रजी पद्धतीचे होते. महाविद्यालयात फेलो म्हणून काम करू लागल्यावर ते संस्कृतच्या कसून अभ्यासाकडे वळले. त्या वेळी त्यांनी विशीचा उंबरठा ओलांडला होता. पुण्यातील शास्त्रीमंडळींजवळ बसून त्यांनी व्याकरण, न्याय, वेदान्त या शास्त्रांचे अध्ययन केले. अशा रीतीने शिक्षणाच्या दोन्ही पद्धती त्यांनी विद्यार्थी म्हणून अनुभवल्या.

या दोन पद्धतींत फार अंतर होते. जुन्या पाठशाळेत मुलगा प्रथम शब्दरूपावली, समासचक्र आणि अमरकोश मुखोद्गत करीत असे. अर्थ कळो वा न कळो, रोज सकाळी पाठ म्हणावा, गुरुजींनी चूक दाखवावी आणि पुन्हा म्हणावा, असा क्रम वर्षानुवर्षे चाले. त्यानंतर काव्ये आणि मग शास्त्रग्रंथ येत. या पद्धतीने शिकलेल्याचे उच्चार शुद्ध असत. पाठ केलेली विद्या जन्मभर सोबत करी; ग्रंथ हाताशी नसला तरी अडत नसे. परंतु त्यासाठी दहा-बारा वर्षे गुरुगृही काढावी लागत. अनेकांची उमेद अर्थ कळण्यापूर्वीच संपून जाई.

युरोपातील पंडितांची पद्धत निराळी होती. ते भाषेचे लहान लहान धडे पाडीत. आधी नियम सांगावा, लगेच त्याची उदाहरणे द्यावीत आणि मग विद्यार्थ्याकडून भाषांतर करून घ्यावे, असा त्यांचा क्रम होता. त्यामुळे शिकणाऱ्यास पहिल्या दिवसापासून अर्थ कळे. मात्र केवळ पुस्तकावरून शिकल्याने उच्चार कच्चे राहत, आणि जुन्या टीकाग्रंथांत शिरण्याचे बळ क्वचितच येई. शास्त्रीमंडळी या नव्या विद्येला उथळ म्हणत आणि नवशिक्षित लोक जुन्या विद्येला पोपटपंची म्हणत.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली. त्याच्या पदवीधरांची पहिली तुकडी १८६२ मध्ये बाहेर पडली. तिच्यात महादेव गोविंद रानडे यांच्याबरोबर भांडारकर होते. पुढे सिंधमधील हैदराबाद येथे आणि नंतर रत्नागिरीस ते मुख्याध्यापक झाले. वर्गात उभे राहिल्यावर संस्कृतची खरी अडचण त्यांच्या ध्यानी आली. इंग्रजी शाळेतील मुलाला गणित, इतिहास, भूगोल असे अनेक विषय शिकावे लागत. संस्कृतच्या वाट्याला थोडाच वेळ येई. तेवढ्यात पाठशाळेचा सर्व क्रम पुरा होणे शक्य नव्हते. संस्कृत सोडून दिले, तर आपल्याच देशातील ग्रंथ समजून घेण्यासाठी परक्यांच्या तोंडाकडे पाहण्याची पाळी येणार होती. तेव्हा जुने की नवे, हा वाद घालीत बसण्यापेक्षा दोहोंचा मेळ घालणे हाच उपाय होता.

भांडारकरांनी तो मेळ घातला. शाळेतील विद्यार्थ्यांसाठी त्यांनी संस्कृतची दोन पुस्तके लिहिली. पहिल्याचे नाव मार्गोपदेशिका, म्हणजे वाट दाखविणारी. आणि दुसऱ्याचे मन्दिरान्तःप्रवेशिका, म्हणजे मंदिराच्या आत नेणारी. पहिल्या पुस्तकाने मुलाला वाटेवर आणून सोडावे आणि दुसऱ्याने त्याला विद्येच्या गाभाऱ्यापर्यंत पोहोचवावे, असा त्यांतील हेतू नावांवरूनच स्पष्ट होतो.

या पुस्तकांची रचना पाहण्यासारखी आहे. धातूंचे दहा गण, परस्मैपद, आत्मनेपद ही सारी व्यवस्था जुन्या व्याकरणकारांचीच आहे. रूपे पाठ करण्यापासून विद्यार्थ्याची सुटका नाही. पण सगळी रूपे एकदम त्याच्या माथी मारलेली नाहीत. एका धड्यात थोडे नियम, थोडे शब्द आणि लगेच वाक्ये, असा क्रम आहे. गच्छति म्हणजे जातो, हे रूप शिकले आणि वन हा शब्द कळला, की रामः वनं गच्छति हे वाक्य मुलाला स्वतःच जुळविता येते. संस्कृत वाक्यांचे इंग्रजी आणि इंग्रजी वाक्यांचे संस्कृत, असे दोन्हीकडून भाषांतर करावयाचे असते. त्यामुळे कालचा पाठ आज उपयोगात येतो, आणि उपयोगात आलेला पाठ सहसा विसरत नाही. पाठांतराला अर्थाची जोड मिळाली आणि अर्थाला पाठांतराचा आधार मिळाला.

या पुस्तकांच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या आणि अनेक पिढ्या त्यांवरून संस्कृत शिकल्या. काशीस किंवा पुण्यास शास्त्रीबुवांच्या घरी राहून शिकणे सर्वांना साधणारे नव्हते. भोर तालुक्यातील शिवरे यासारख्या गावातून शहरातील शाळेत येणाऱ्या मुलालाही आता दोन पुस्तके आणि एक चांगला शिक्षक एवढ्या सामग्रीवर संस्कृतची सुरुवात करता येऊ लागली.

पुढे भांडारकर एल्फिन्स्टन महाविद्यालयात संस्कृत शिकवू लागले. तेथे त्यांना मानहानीचा एक प्रसंग सोसावा लागला. काही वर्षे त्यांनी प्राध्यापकाचे काम उत्तम रीतीने सांभाळले असतानाही १८७३ मध्ये ती जागा इंग्लंडहून आलेल्या पीटर पीटर्सन यांना देण्यात आली, आणि भांडारकरांना साहाय्यक म्हणून राहावे लागले. दुसरा एखादा खचून गेला असता. भांडारकरांनी मात्र आपले अध्ययन आणि अध्यापन यांत खंड पडू दिला नाही.

१८७७ मध्ये त्यांनी विल्सन व्याख्यानमालेत भाषाशास्त्रावर व्याख्याने दिली. येथेही त्यांनी दोन विद्या एकत्र आणल्या. आपल्या व्याकरणकारांचे सूक्ष्म ज्ञान आणि युरोपातील तौलनिक भाषाशास्त्र यांच्या साहाय्याने त्यांनी संस्कृतपासून पाली, प्राकृत, अपभ्रंश आणि आजच्या भाषा कशा घडल्या हे दाखविले. हस्त या शब्दाचे प्राकृतात हत्थ झाले आणि मराठीत हात. कर्म याचे कम्म झाले आणि मग काम. असे धागे उलगडले, म्हणजे घरात रोज बोलली जाणारी मराठी आणि ग्रंथांतील संस्कृत यांचे नाते डोळ्यांपुढे उभे राहते.

१८८२ मध्ये ते पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक झाले. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या जुन्या संस्कृत पाठशाळेतूनच हे महाविद्यालय वाढले होते. जुन्या व नव्या विद्येचा मेळ घालणाऱ्या गुरूला याहून योग्य स्थान कोणते मिळणार! हस्तलिखितांचा शोध घेत त्यांनी प्रवास केला आणि दक्षिणेचा प्राचीन इतिहास लिहिला. १८८५ मध्ये जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठाने त्यांना सन्मानाची डॉक्टर ही पदवी दिली. १८९३ मध्ये ते निवृत्त झाले आणि मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. स्त्रियांनाही शिक्षण मिळाले पाहिजे, असे त्यांचे मत होते. पुण्यात १८८४ मध्ये मुलींची हुजूरपागा शाळा स्थापन करणाऱ्यांत ते होते.

त्यांच्या वयाला ८० वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, ६ जुलै १९१७ रोजी, पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले. आपला मोलाचा ग्रंथसंग्रह त्यांनी या संस्थेस दिला. जुनी हस्तलिखिते नव्या शास्त्रीय पद्धतीने ताडून पाहून तेथे महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार करण्यात आली. ते प्रचंड कार्य १९६६ मध्ये पुरे झाले. ते पाहण्यास भांडारकर नव्हते. २४ ऑगस्ट १९२५ रोजी त्यांचे निधन झाले होते.

मोठमोठे ग्रंथ लिहिणाऱ्या या पंडिताने कोवळ्या मुलांसाठी पहिले पुस्तक लिहिण्यात कमीपणा मानला नाही. वाट कठीण आहे म्हणून कोणी परत फिरू नये, आणि सोपी करावयाची म्हणून ती अपुरीही राहू नये, याची काळजी त्यांनी घेतली. त्या वाटेने किती विद्यार्थी विद्येच्या मंदिरात पोहोचले, याची गणती कोणी केलेली नाही.